पालवणकर बाळू : मैदान आणि मतपेटी

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बोलणे सिंदखेडराजापासून सुरू होते, आणि ते योग्यही आहे. पण आज आम्ही ज्या गृहस्थाची हकीकत आपणांपुढे मांडणार आहोत, त्याचा जन्म वाड्यात झाला नाही. तो मैदानावर रूळ फिरवीत होता. पुढे तो हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज झाला, आणि उतारवयात निवडणुकीला उभा राहून दोनदा पडला. दुसऱ्या वेळी ज्यांनी त्याला पाडले, त्यांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत पालवणकर बाळू यांची.

क्रिकेट हा आमचा विषय नव्हे. आमची हयात जीन-प्रेसच्या फाटकावर आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली; पुस्तके वाचली ती युनियनच्या कचेरीत, रात्री, सभा आटोपल्यावर. अशाच एका रात्री बाळूंची हकीकत प्रथम हाती आली आणि आमच्या ध्यानात आले की, ही खेळाडूची गोष्ट असली तरी आधी ती कामगाराची गोष्ट आहे. त्याच अंगाने ती सांगण्याचा आमचा विचार आहे.

बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडास झाला. घराणे मूळ कोकणातील पालवण गावचे, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. मुले पुण्याच्या छावणीच्या परिसरात वाढली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू घेऊन बाळू व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, आणि अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पगार दरमहा तीन रुपये. 1892 साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे एक रुपया वाढला, चार मिळू लागले. काम तेच. जाळी बांधणे, पट्टी तयार करणे, रेषा आखणे.

तेथे ग्रेग नावाचा एक अधिकारी होता, मोठा निष्णात फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करावयास लावी. बाळूंनी त्याला बाद केले की तो आठ आणे देई, असे सांगतात. हिशेब करून पाहा. आठ वेळा साहेबाला बाद करावे, तेव्हा महिन्याच्या पगाराएवढी रक्कम हाती यायची. ज्याला आमच्या बोलीत उक्ते काम म्हणतात, ते हेच. त्या उक्त्या कामातून बाळूंचा डावा हात घडला. चेंडू मंद गतीचा, पण कधी आत वळे, कधी बाहेर, आणि टप्पा जणू मोजून टाकलेला. पुढे इंग्रज लोक त्यांना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणू लागले. विल्फ्रेड ऱ्होड्स हा इंग्लंडचा त्या काळचा अव्वल डावखुरा गोलंदाज होता.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूंच्या हाती त्या क्लबात बॅट कधी दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे मेहनतीचे काम, ते चाकराने करावे. चेंडू मारणे हे साहेबाचे. ज्यांनी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचला आहे त्यांना ही वाटणी ओळखीची वाटेल. तेथे अस्पृश्य कामगाराला सूतकताईच्या खात्यात काम मिळे, विणकाम खात्यात मिळत नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा, हा सवाल होता. विणकाम खात्यात पगार अधिक, म्हणजे विटाळाची किंमत रुपयांत मोजता येत होती. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न काढला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही त्याचे उत्तर देणे जड गेले. आमच्या चळवळीचा हा भाग आम्ही व्यासपीठावरून क्वचित सांगतो, सांगायला पाहिजे.

बाळू चांगले गोलंदाज आहेत ही बातमी पुण्याच्या हिंदु क्लबापर्यंत गेली. तेथल्या मंडळींना युरोपियनांना हरवायचे होते, आणि बाळूंवाचून ते होण्यासारखे नव्हते. वाद झाला. शेवटी त्यांना घेतले, ते खेळापुरते. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी झेलायचा, पण चहाच्या वेळी मंडळी मंडपात बसत आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. चेंडू मात्र कातड्याचा, आणि त्याला कोणाचाच विटाळ नव्हता!

साताऱ्याच्या सामन्याची एक हकीकत आहे. तेथल्या गोऱ्यांनी बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती सपाट करून ठेवली होती. बाळूंनी तरीही सात गडी बाद केले. ज्याने वर्षानुवर्षे स्वतः रूळ ओढला, त्याला रुळाखालची माती ठाऊक असणारच. पुढे पुण्यातील सत्कारांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी त्यांचा गौरव केला. म्हणजे हारतुरे मिळू लागले. चहाचे भांडे बदलायला मात्र आणखी काळ जावा लागला.

प्लेगच्या दिवसांत, 1896-97 च्या सुमारास, बाळू मुंबईस आले. हिंदु जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांचा विरोध होता, तो मोडून त्यांना घेण्यात आले. पोटासाठी ते बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि रेल्वेच्या संघातूनही खेळू लागले.

फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदूंचा संघ युरोपियनांविरुद्ध उतरला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांत आटोपले. 109 धावांनी विजय. बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले. वंगभंगाच्या दुसऱ्याच वर्षी साहेबाला त्याच्याच खेळात हरविले, याचा आनंद नुसता खेळाचा नव्हता. सुधारक पत्रांनी आणखी एक मुद्दा मांडला की, पुण्याने ज्याला मंडपाबाहेर चहा पाजला तो मुंबईत सर्वांबरोबर बसून जेवतो, आणि संघ जिंकतो. एवढे साधे गणित समाजाला का कळू नये?

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानकीखाली हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. महाराज मोजकेच सामने खेळले. राज्यारोहणाचे समारंभ आणि मेजवान्या यांतून त्यांना सवड नव्हती, आणि चिटणीस म्हणून त्यांनी संघातला एक उत्तम फलंदाजही आपल्याबरोबर ठेवून घेतला. संघ 23 पैकी 15 सामने हरला. अशा संघाचा भार बाळूंच्या खांद्यावर पडला, तोही दुखऱ्या खांद्यावर, आणि वय पस्तिशीचे. त्यांनी सर्व सामने मिळून 114 गडी बाद केले. त्यांचे बंधू शिवराम यांनी सॉमरसेटविरुद्ध नाबाद शतक ठोकून सामना जिंकून दिला. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंना मानपत्र दिले. त्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. बाळू तेव्हा आंबेडकरांना वीरपुरुष वाटत असत, यात शंका नाही. जन्माने नव्हे तर गुणाने वर आलेला माणूस कसा असतो, याचा त्यांच्या डोळ्यांपुढचा दाखला बाळूच होते.

आता कप्तानकीची गोष्ट. आमच्या मते बाळूंच्या पुढच्या राजकारणाची किल्ली येथेच आहे.

1912 पासून मुंबईत चौरंगी सामने होऊ लागले. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन अशा जातवार, धर्मवार संघांचे हे सामने. हिंदु संघात बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चौघे पालवणकर बंधू खेळले. अनुभव पाहा, बळी पाहा, बाळूंच्या तोडीचा दुसरा नव्हता. पहिल्या प्रतीच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 गडी बाद केले, सरासरी अवघ्या 15.21 धावांची. तरी कप्तानकी उच्चवर्णीय खेळाडूकडे जायची. 1913 साली कप्तान म. द. पै यांनी आपल्या सत्कारात उघड म्हटले की, हा मान बाळूंचा होता. पै सज्जन गृहस्थ होते. पण सज्जनाच्या कबुलीने हक्काची जागा मिळत नाही, हे आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळदा पाहिले आहे. आणि बाळू? बाळू गोलंदाजी करीत राहिले. तक्रार नाही, निवेदन नाही. त्यांचा विश्वास असा की, आपण आपले काम चोख करावे, समाजाचे मन आज ना उद्या पाझरेल.

1920 च्या डिसेंबरात हे दडपण फुटले. पै आजारी होते. बाळूंना वगळले, आणि कप्तानकी दिनकर बळवंत देवधर यांना दिली. देवधर पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य झाले, त्यांच्या गुणांबद्दल वाद नाही. पण त्या वेळी ते पालवणकरांहून नवे होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. नुसते रुसून घरी बसले नाहीत, तर जाहीर पत्रक काढले. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितले की, आमची ज्येष्ठता डावलली गेली ती आमच्या जातीमुळे, आणि हा अपमान आम्ही सोसणार नाही. त्याच महिन्यात आपल्या नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरून अस्पृश्यता निवारणाचा ठराव होत होता. मुंबईत वर्तमानपत्रांतून या पत्रकावर चर्चा होत होती.

श्रोतेहो, याला आम्ही संप म्हणतो. दोनच माणसांचा, पण सर्व लक्षणांनी पुरा. मागणी ठरलेली, कारण जाहीर केलेले, आणि काम बंद. आणि परिणाम पाहा. पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्यास पै परतले, बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केले, दोघे भाऊ परत आले, आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर राहिले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. जे पंधरा वर्षांच्या चोख गोलंदाजीने मिळाले नव्हते, ते काही दिवसांच्या बंदने अंशतः का होईना मिळाले. 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कप्तान झाले, त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेऊन मिरवले. बाळूंचे हे पाहून समाधान झाले असेल. त्यांचे स्वतःचे खेळण्याचे दिवस मात्र तोवर सरले होते.

असा प्रकार आपल्याच देशात होता असे नव्हे. वेस्ट इंडीजच्या संघात काळे खेळाडू मुख्य आणि कप्तान गोरा, असे कितीतरी वर्षे चालले. फ्रँक वॉरेल हा पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा कप्तान. तो 1960-61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात झाला, तोही सी. एल. आर. जेम्स या लेखकाने वर्तमानपत्रातून मोहीम चालविल्यावर. त्याच वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन खेळातून राजकारणात गेले, 1956 च्या निवडणुकीत त्रिनिदादमध्ये निवडून येऊन मंत्री झाले. आपल्याकडे 1928 च्या ऑलिंपिक हॉकी संघाचे कप्तान जयपालसिंग मुंडा आदिवासींचे पुढारी होऊन घटना समितीत बसले. या दोघांना राजकारणात स्वतःचा आवाज सापडला. बाळूंचे तसे का झाले नाही, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

1932 साल उजाडले. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले. डॉ. आंबेडकरांना ते हवे होते, कारण इतरांच्या मतांवर निवडून आलेला अस्पृश्य प्रतिनिधी इतरांचाच राहतो, असे त्यांचे म्हणणे. बाळूंचे मत उलट होते. मद्रासचे एम. सी. राजा यांच्याबरोबर ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे झाले. 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले, वाटाघाटी झाल्या, आणि 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा 71 च्या 148 झाल्या. त्या करारावर आंबेडकरांची सही आहे, तशी पालवणकर बाळू यांचीही आहे.

पुष्कळ लोक येथे बाळूंवर शिक्का मारून मोकळे होतात. आम्ही तसे करणार नाही. ज्या माणसाने मातीच्या भांड्यापासून सुरुवात करून जिमखान्याच्या पंक्तीपर्यंतचा प्रवास आपल्या डाव्या हाताच्या बळावर केला, त्याला वाटणारच की वेगळे होऊ नये, आत राहून वर यावे. त्याचा स्वतःचा अनुभव तसा होता. पण एकट्या गुणी माणसाला जे दार उघडते, ते पाठीमागच्या हजारोंसाठी उघडे राहत नाही. तीन रुपयांवर रूळ ओढणाऱ्या दुसऱ्या कोणाला ग्रेगसाहेब भेटला असता का? आणि त्यांच्याच घरच्या 1920 च्या लढ्याचा धडा तर वेगळाच होता. तो बाळूंपेक्षा त्यांच्या धाकट्या भावांना अधिक कळला, असे आमचे मत आहे.

1933 मध्ये बाळू मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीस हिंदु महासभेच्या वतीने उभे राहिले आणि पडले. 1935 साली येवल्यास आंबेडकरांनी हिंदु म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. बाळूंनी धर्मांतराला कडाडून विरोध केला. दोघांच्या वाटा आता पुरत्या फुटल्या होत्या.

मग 1937 ची प्रांतिक निवडणूक आली. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, आपली विधानसभा नागपूरला. मुंबईत आंबेडकर भायखळा-परळ भागातील राखीव जागेवर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. हा पक्ष त्यांनी 1936 च्या ऑगस्टमध्ये काढला होता, आणि त्याच्या नावात जात नव्हती, मजूर होता. त्यांच्या विरुद्ध काँग्रेसने उमेदवार निवडला तो पालवणकर बाळू. निवड हुशारीची होती. नाव घराघरांत माहीत, माणूस निष्कलंक, समाज अस्पृश्यच पण महार नव्हे, आणि वय साठीचे. शिवाय राखीव जागेवर सवर्णांचीही मते पडणार.

कामगार चळवळीत हा डाव आम्ही पाहिला आहे. एका जिनात आमच्या युनियनची निवडणूक होती. मालकाच्या माणसांनी आमच्या उमेदवाराविरुद्ध कोणी गुंड उभा केला नाही. त्यांनी उभा केला गठाणी बांधणारा एक म्हातारा, सर्वांचा लाडका, कोणाचे वाईट न चिंतणारा. त्याला कोणी विकत घेतले नव्हते. तुम्ही आमचे, असे कोणीतरी त्याला आयुष्यात प्रथमच म्हटले होते, एवढेच. त्याच्याविरुद्ध प्रचार करताना आमच्या पोरांची जीभ अडखळे.

भायखळा-परळच्या चाळींतून मतमोजणीनंतर निकाल आला तो असा : डॉ. आंबेडकर 13,245, बाळू 11,225. फरक 2,020 मतांचा. दोन हजार मते इकडची तिकडे झाली असती तर?

तर बाळू सत्ताधारी बाकांवर बसले असते, आणि पक्षाच्या आदेशाप्रमाणे हात वर करणे त्यांना भाग पडले असते. विरोधी बाकांवर बसलेल्या आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1938 च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. म्हणजे ज्या कोकणातून पालवणकरांचे घराणे निघाले, तेथल्या कुळांची गाऱ्हाणी विधानसभेत मांडली ती बाळूंना पाडणाऱ्या माणसाने. त्याच वर्षी खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. त्यात कित्येक संप बेकायदेशीर ठरणार होते. 7 नोव्हेंबर 1938 ला मुंबईत त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र आले, कामगार मैदानावर आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर उभे राहिले. 1928 ला धोट्यावरून जो अबोला होता, तो दहा वर्षांनी एका दिवसापुरता सुटला. संप करण्याचा हक्क हा मजुराचा हक्क आहे, नाही तर तो गुलाम ठरतो, अशी मांडणी आंबेडकरांनी विधानसभेत केली. 1920 साली विठ्ठल आणि शिवराम यांनी जे केले, त्याचेच हे कायद्याच्या भाषेतले समर्थन होते. सत्ताधारी बाकावरचे बाळू ते करू शकले नसते. त्यांच्या मनात नसते म्हणून नव्हे. ती जागाच तशी होती.

निवडणुकीनंतर बाळू राजकारणात पुढे आले नाहीत. विठ्ठल पालवणकरांनी 1948 साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत आंबेडकरांचा पराभव झाला. काँग्रेसचे उमेदवार नारायण सदोबा काजरोळकर हेही चर्मकार समाजातलेच होते. पंधरा वर्षांपूर्वी थोडक्यात फसलेला डाव या वेळी साधला. 

त्यानंतर तीन वर्षांनी, 4 जुलै 1955 रोजी, बाळू मुंबईत वारले. क्रिकेटच्या जाणकारांखेरीज फारसे कोणाला त्यांचे नाव उरले नव्हते. 2002 साली रामचंद्र गुहा यांचे हिंदुस्थानी क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरचे पुस्तक निघाले, तेव्हा वाचकांपुढे ते पुन्हा आले. आमच्या कचेरीत त्या रात्री हातोहात फिरली ती हकीकत ही. एका जुन्या हमालाने ती सगळी ऐकून एकच विचारले, "रूळ ओढायचे काम मग कोणाला दिले?"